कललेली होडी

पाटखोल गावासमोर रुंद खाडी होती आणि बाजार भरायचा पलीकडच्या तीरावर. या काठची माणसं त्या काठाला पोहोचवायचं काम धाकू तांडेल करायचा. वल्हं त्याच्या हातात असलं की पोहता न येणारी माणसंही निर्धास्त बसत.

जुनी होडी कुजली तेव्हा धाकूने विश्राम मेस्त्रीकडून नवी बांधून घेतली. विश्रामच्या होड्यांचं खाडीभर नाव होतं. नारळ फुटला, होडी पाण्यात उतरली, काठावरच्या माणसांनी तिचं कौतुक केलं. धाकूने पहिलं वल्हं मारलं आणि त्याच्या तळपायांना कळलं की होडी उजवीकडे कलते आहे. बघणाऱ्याला दिसू नये इतकीच, पण कलते आहे.

तो तसाच मेस्त्रीच्या आवारात गेला.

"मेस्त्री, होडी उजवीकडे ओढतेय."

विश्रामने त्याच्याकडे पाहिलं नाही. हातातली फळी तासत तो म्हणाला, "नवं लाकूड आहे. पाण्यात मुरलं की बसेल सरळ. तू उगाच मनात घेऊ नकोस."

धाकूने मनात घेतलं होतं. होडी काठावर ओढून ठेवावी, मेस्त्रीला फळ्या काढायला लावाव्यात, असं त्याला वाटलं. पण होडीची ये-जा बंद राहिली तर गाव कुरकुरणार, शेजारच्या गावचा कोणी आपली होडी घालणार. शिवाय मेस्त्री एवढा जाणता माणूस. तो म्हणतोय तर असेलही खरं. धाकूने किनाऱ्यावरचे गोटे गोळा केले आणि होडीच्या तळाशी डाव्या बाजूला रचले. होडी सरळ झाली, निदान दिसायला तरी.

धाकूचं मन मात्र काही सरळ होईना. जेवताना तो मधेच उठून अंगणात जाई आणि काठाकडे बघून येई.

त्याची बायको गोदा म्हणाली, "अहो, होडी कुठे पळून चाललीय का?"

"बांधलीय की नाही ते बघत होतो."

"आणि तिच्यात दगड कशाला भरलेत?"

धाकूने भाताचा मोठा घास तोंडात घातला.

पुढे पुढे तो जाड माणसांना डावीकडे बसवू लागला. लोक हसत, पण बसत. वारा जरा वाढला की त्याची मान वळून वळून आभाळाकडे जाई. मेस्त्रीच्या आवारावरून होडी जाताना तो तिकडे बघे. विश्राम एरवी प्रत्येक होडीला हात करायचा. या होडीला पाहून मात्र तो मान खाली घालून तासत राही. हे धाकूच्या लक्षात आलं होतं. उद्या होडी वर काढायचीच, असं तो रोज सकाळी ठरवी. संध्याकाळी होडी सुखरूप परत येई आणि सकाळचं ठरवणं विरून जाई.

एका बाजाराच्या दिवशी काठावर गर्दी झाली. समुद्राकडून वारा सुटला होता. होडी भरली, तरी माणसं चढतच होती. शेवटी भिकू कासार बांगड्यांची पेटी सांभाळत चढला. पाणी काठाच्या फळीला लागायला आलं.

"थोडे जण उतरा," धाकू म्हणाला. "दुसऱ्या खेपेला नेतो."

कोणी उठलं नाही. कोणीतरी म्हणालं, "विश्राम मेस्त्रीची होडी आहे. तिला काय होतंय?"

वल्हं खाली ठेवून तो काठावर उतरला असता तर सगळे उतरले असते. तो उतरला नाही. त्याने होडी लोटली.

खाडीच्या मध्यावर वाऱ्याचा झोत आला. होडी उजवीकडे झुकली आणि तळातले गोटे गडगडत त्याच बाजूला गेले. त्यांच्या मागोमाग माणसं. क्षणात होडी पालथी झाली.

आसपासचे मासेमारी करणारे धावून आले. धाकूनेही बुडी मारमारून माणसं बाहेर काढली. बाकीचे वाचले. भिकू कासार तेवढा सापडला नाही. ओहोटी लागल्यावर तो खालच्या अंगाला, तिवरांच्या मुळांत अडकलेला मिळाला.

भिकूचे दिवस झाल्यावर देवळासमोर पंच बसले. सारा गाव जमला. भिकूची बायको यसूबाई एका खांबाला टेकून बसली होती.

विश्राम आधी बोलला. "माझ्या आवारातून होडी निघाली तेव्हा तिच्यात एकही दगड नव्हता. दगड धाकूने भरले. माणसंही त्यानेच भरली. त्याने तिचं काय केलं त्याला मी काय करणार?"

"दगड का भरावे लागले ते सांगा ना," धाकू म्हणाला. "होडी तुम्ही वाकडी बांधलीत. मी येऊन सांगितलं, तर मलाच गप्प केलंत."

"वाकडी होती तर चालवलीस कशाला?"

"सरळ आहे म्हणून दिलीत कशाला?"

ऊन चढलं तरी हे संपेना. गावही दोन्हीकडे वाटला गेला. शेवटी एक पंच कंटाळून म्हणाला, "दोष दोघांचा आहे. निम्मा याचा, निम्मा त्याचा. मिटवून टाका."

विश्रामने मान डोलावली. धाकूलाही कितीतरी दिवसांनी छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. निम्मा दोष पेलण्यासारखा होता.

तेव्हा यसूबाई बोलली. तिचा आवाज चढला नव्हता.

"निम्मा याचा, निम्मा त्याचा. माझा नवरा काही निम्मा बुडाला नाही."

धाकूने तिच्याकडे पाहिलं. होडी सरळ असती तर भिकू आज घरी असता, हे खरं होतं. पण कललेली होडी आपण काठावर ठेवली असती, तरीही तो घरी असता. दोघांपैकी एकानेच आपलं काम नीट केलं असतं, तरी पुरलं असतं. हे त्याला आता असं लख्ख दिसलं की त्याला बसवेना.

तो उभा राहिला. "ती कलते हे मला पहिल्या वल्ह्याला कळलं होतं. दगड भरून मी ते लपवलं. त्या दिवशी माणसं जास्त आहेत, हेही कळत होतं. मेस्त्रींनी काय केलं ते मेस्त्री सांगतील. माझं एवढं आहे."

विश्राम पायाकडे बघत म्हणाला, "साग संपला होता. उजव्या अंगाला ऐनाच्या फळ्या मारल्या. ऐन जड असतो. होडी कलणार हे मला ती पाण्यात उतरायच्या आधीच ठाऊक होतं."

पंचांत सर्वांत वडील जिवाजी होते. त्यांनी निवाडा दिला. "मेस्त्रीने नवी होडी बांधावी. ती तपासल्याशिवाय धाकूने माणूस घेऊ नये. यसूबाईच्या घरचं धान्य दोघांनी पुरवावं. निम्मं निम्मं नाही. एकाने हात आखडला तर दुसऱ्याने सगळं द्यावं, आणि आपला वाटा दिला म्हणून कोणी सुटणार नाही."

नवी होडी झाली. धाकूने ती रिकामी फिरवली, मग वाळूची पोती भरून फिरवली, एकदा उजव्या अंगाची एक फळी बदलायलाही लावली. विश्रामने ती बदलली.

पहिल्या बाजाराला पुन्हा गर्दी झाली. यसूबाईही आली होती. आता बांगड्या विकायला तिलाच जायचं होतं. विश्राम स्वतः होडीत चढून बसला. समुद्राकडून वारा येत होता.

धाकू पाण्यात उभा राहून वाऱ्याकडे बघत राहिला. मग त्याने दोर पुन्हा खुंटीला बांधला.

"वारा पडल्यावर निघू. आणि एवढे जण नाही."

लोक कुरकुरले. बाजार उठेल, असं कोणी म्हणालं. विश्राम म्हणाला, "धाकू, या वेळी होडीत खोट नाही. मी इथे बसलोय तो काय उगाच?"

"होडीचं तुम्ही बघितलंत, मेस्त्री. वाऱ्याचं बघायचं काम माझं आहे."

विश्राम खाली उतरला. माणसं चिंचेखाली जाऊन बसली. काही रागारागाने घरी गेली. भरती ओसरली, वारा मंदावला, तेव्हा धाकूने दोर सोडला. बेताची माणसं घेतली, बाकीच्यांना पुढच्या खेपेला ठेवलं. यसूबाई पेटी मांडीवर घेऊन बसली आणि तिने एका हाताने काठाची फळी घट्ट धरली. पैलतीरी पाय टेकेपर्यंत तिने ती सोडली नाही.

धाकूचंही मन पैलतीर येईपर्यंत थाऱ्यावर नव्हतं. पुढे जन्मभर प्रत्येक खेपेला ते तसंच राहिलं. पण ते शांत करण्यासाठी त्याने परत कधी कुणाच्या नावाचा आधार घेतला नाही.

तात्पर्य: घडवणाऱ्याच्या चुकीने वापरणाऱ्याची चूक झाकली जात नाही, आणि वापरणाऱ्याच्या चुकीने घडवणाऱ्याचीही नाही. ज्याला धोका कळला आणि जो गप्प राहिला, त्या प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण दोष येतो.