हरलेल्या आमदाराची झाडं

दोष गावातल्या म्हाताऱ्यांचा होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण कॅनडाच्या त्या किनाऱ्यावर ही गोष्ट सांगताना सगळे वादळालाच शिव्या घालतात.

फार वर्षांपूर्वी, इंग्लंडच्या राणीच्या अमलात, युअन मॅकॅस्किल नावाचा नावाडी तिथला आमदार होता. हिवाळ्यात खाडी गोठायची आणि घोड्यांच्या घसरगाड्या बर्फावरून जायच्या. वाट चुकली की पातळ बर्फ, खाली काळं पाणी. युअनचा भाऊ तसाच गेला. म्हणून बारा वर्षं युअन प्रांताच्या सभेत एकच मागत राहिला: बर्फावरची वाट दिसावी म्हणून तिच्या दोन्ही बाजूंनी स्प्रूसची, त्या सूचिपर्णी वृक्षाची, छोटी झाडं तोडून आणून रोवा. बाराव्या वर्षी कायदा झाला. दर घरानं दहा झाडं रोवायची.

म्हातारे खवळले. त्यांचे पुढारी पलीकडच्या काठावरचे निनियनकाका.

"आमच्या बापांनी झाडांशिवाय खाडी ओलांडली."

"आणि बुडाले ते कुणाचे बाप होते, काका?" युअननं विचारलं.

मग म्हाताऱ्यांनी निवडणुकीत त्याच्याविरुद्ध माणूस उभा केला, कायदा रद्द करायचं वचन घेऊन. त्या हिवाळ्यात एकाही घराला झाड रोवू दिलं नाही.

तेव्हा मत ओट्यावर चढून, सगळ्यांदेखत ओरडून द्यायचं. दुपारी युअन नऊ मतांनी पुढे होता, तेवढ्यात बर्फाचं वादळ उठलं. खाडीतून घुंगरं वाजायला लागली, कधी इकडून, कधी तिकडून. पलीकडचे सतरा मतदार वाट चुकले होते. सतराही विरोधातले.

"गप बस की जरा," मेहुणा कुजबुजला. "सूर्य बुडाला की मतदान संपलं. कायदा वाचेल तुझा."

"कुणासाठी?" म्हणत युअन उठला.

त्याच्या घसरगाडीवर त्या हिवाळ्यात रोवू न दिलेली तीस झाडं होती. असं म्हणतात, त्यानं तीनशे रोवली तरी गाडी रिकामी झाली नाही. असं म्हणतात, तो वाकेल तिथं बर्फ आपणहून फाकायचा, आणि वारा झाडांना वळसा घालून जायचा. निनियनकाकांचे पाय पाण्यात गेले होते. युअननं आपले बूट काढून त्यांना चढवले.

झाडं धरून सतराही काठाला लागले. निनियनकाका ओट्यावर चढले, युअनच्याच बुटांत, आणि विरोधकाचं नाव ओरडले. मागून सोळा जणांनीही तेच केलं.

कायद्याला हात लावायची मात्र पुन्हा कुणाची छाती झाली नाही.

आजही खाडी गोठली की पहिलं झाड निवडणूक हरलेला उमेदवार अनवाणी रोवतो. जिंकलेला त्याचे बूट हातात धरून उभा राहतो.

युअन आठ मतांनी हरला. त्याचे दोन्ही पाय घोट्यापासून कापावे लागले.