बगळ्याचा कौल

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा पाखरांना माणसांसारखं बोलता येत असे. मात्र कुणी विचारल्याशिवाय आपणहून बोलायची त्यांची रीत नव्हती, आणि माणसं स्वतःच्याच बोलण्यात इतकी गुंग असत की पाखराला काही विचारावं हे कुणाच्या ध्यानात येत नसे.

त्या काळी खाडीकाठी ख्रिस्ती लोकांचं एक गाव होतं. गावात एक बसकं चर्च होतं, चर्चच्या मागे भाताची शेतं होती, आणि शेतं व खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध होता. बांधाच्या अलीकडे गोडं पाणी, पलीकडे खारं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तिथे तीन वर्षं भात धरत नसे. म्हणून गावाने बांधावर एक राखणदार नेमला होता. रोज ओहोटीच्या वेळात चिखल आणि पेंढा घालून बांध लिंपायचा, हे त्याचं काम. बांध इतका लांब आणि ओहोटी इतकी तोकडी, की दिवसाला एकच तुकडा लिंपून व्हायचा. आजचा तुकडा कोणता, हे राखणदाराला रोज सकाळी ठरवावं लागे.

जुन्या राखणदाराने हे काम चाळीस वर्षं केलं. रोज सकाळी तो बांधाच्या मध्यावर उभा राही, क्रुसाची खूण करी आणि मोठ्याने म्हणे, “प्रभू, आज मी कुठे हवा आहे?” मग वहाणा काढून हातात घेई आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालत जाई. वाटेत शेतावर कुणी दिसलं की दोन शब्द बोले. शेवटी कुठेतरी थांबे, घमेलं खाली ठेवी आणि कामाला लागे.

म्हातारा देवाघरी गेल्यावर काम त्याच्या पुतण्याकडे आलं. त्याचं नाव इनास. इनास मनाने चांगला होता, भाविकही होता, फक्त पायांनी जरा आळशी होता. काकाची प्रार्थना त्याला शब्दन् शब्द पाठ होती. ते अनवाणी चालणं मात्र म्हातारपणची खोड असावी, असं त्याने धरून टाकलं होतं.

पहिल्याच सकाळी तो मध्यावर उभा राहिला आणि म्हणाला, “प्रभू, आज मी कुठे हवा आहे?”

मग तो उत्तराची वाट पाहत राहिला. उत्तर काही आलं नाही. वारा सुटला होता, खाडीला वास येत होता, बाकी सगळं गप्प. इनासला घाम फुटला. चुकीचा तुकडा निवडला तर साऱ्या गावाचा भात जाईल, ही भीती त्याला रात्रंदिवस छळत होती. तेवढ्यात पांढरा बगळा उडत आला आणि बांधाच्या पश्चिमेकडच्या खुंटावर बसला.

इनासला वाटलं, मिळालं उत्तर. तो पश्चिमेला गेला आणि ओहोटी असेपर्यंत मन लावून राबला. बांध शाबूत राहिला.

त्या दिवसापासून त्याने तोच नेम धरला. बांधाला दोन खुंट होते, एक पश्चिमेला, एक पूर्वेला. प्रार्थना झाली की तो पाहायचा, बगळा कुठे बसतो. जिकडे बगळा, तिकडे काम. आणि काय योगायोग पाहा, बगळा बहुतेक पश्चिमेलाच बसायचा. पश्चिमेला इनासचं घर जवळ, खाडीकाठच्या डेरेदार भेंडीच्या वृक्षाची गार सावली, पायाखाली घट्ट जमीन. पूर्वेला गुडघाभर चिखल, डोक्यावर ऊन आणि डासांचं माहेरघर. कधीमधी बगळा पूर्वेला बसलाच, तर इनास डोळे चोळून म्हणे, “प्रभू, नीट दिसलं नाही,” आणि बगळा हलेपर्यंत थांबे.

गावात त्याचा बोलबाला झाला. इनासला देव रोज उत्तर देतो, असं लोक एकमेकांना सांगू लागले. इनासही मान जरा ताठ ठेवून चालू लागला.

बांधाच्या पूर्व टोकाला कातरीनमावशीचं शेत होतं. मावशी विधवा, मूलबाळ नाही. तेवढ्या एका शेताच्या भातावर तिचं वर्ष निघायचं. भात पोटरीला आला होता, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, आणि पुनवेचं उधाण तीन दिवसांवर होतं. अशा वेळी मावशी काठी टेकत इनासकडे आली.

“इनास, पूर्वेचा बांध घामेजलाय रे. पायाला गार लागतंय. खेकड्यांनी आतून पोखरलाय तो.”

“मावशी, मी सकाळीच देवाला विचारलंय. आजचं काम पश्चिमेला आहे.”

“मग देवाने मला तुझ्याकडे कशाला पाठवलं?”

“देव कशाला पाठवेल? तुमचं शेत तिकडे आहे, म्हणून तुम्ही आलात.”

मावशी काठी टेकत परत गेली. इनासला स्वतःचं बोलणं जरा लागलं, पण त्याने ते मनातून झटकून टाकलं. ज्याला देव थेट सांगतो त्याने म्हातारीचं काय ऐकायचं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा आली. या वेळी तिच्या हातात भाताचं एक रोप होतं. पात्यांची टोकं करपली होती.

“हे बघ. मुळाशी खारं लागायला लागलंय. नुसता येऊन बघ तरी.”

इनासने तिच्यादेखत पुन्हा प्रार्थना केली. बगळा पश्चिमेच्या खुंटावरून हलला नाही.

“बघा तुम्हीच,” इनास म्हणाला.

“मी बांधाकडे बघून आलेय, बाबा. तू बगळ्याकडे बघतोयस,” मावशी म्हणाली आणि परत गेली.

उधाणाच्या दिवशी भर दुपारी खाडी फुगली आणि पूर्वेचा बांध फुटला. चर्चची घंटा वाजू लागली. घराघरांतून माणसं धावली. कुणी पेंढ्याचे भारे आणले, कुणी घराची दारं काढून आणली. सगळ्यांच्या पुढे इनास धावत होता. आता खारं पाणी एका शेतातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात शिरणार, आणि गावाच्या ताटातला भात जाणार, एवढंच त्याला दिसत होतं.

पण पूर्वेला पोचल्यावर सगळे थबकले. पाणी फक्त मावशीच्या शेतात भरलं होतं. तिच्या शेताच्या मागची मेर, म्हणजे शेजारच्या शेतापासून वेगळी करणारी मातीची वीतभर उंचीची कड, आता कमरेएवढी उंच झाली होती. ताजा ओला चिखल तिच्यावर थापलेला होता, आणि चिखलात म्हाताऱ्या हातांची बोटं उमटलेली होती. पाणी त्या मेरेला धडका देत होतं. मेर धरून होती. लोकांनी तिला आधार दिला, ओहोटी लागताच बांधाचं भगदाड बुजवलं आणि गावाचं पीक वाचलं.

मावशीचं मात्र सगळं गेलं. पोटरीतला भात खाऱ्या पाण्यात उभा होता, आणि मावशी काठावर बसून त्याच्याकडे पाहत होती.

इनासला तिच्यासमोर जाववेना. तो तसाच उलट्या पावली पश्चिमेच्या खुंटाकडे गेला. बगळा तिथेच बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच इनासने त्याला विचारलं, “रोज सकाळी तू याच खुंटावर का बसत होतास?”

“तू रोज इथे बसून न्याहारी करतोस,” बगळा म्हणाला. “भाकरी खातोस आणि माशांची डोकी नि काटे या खुंटाच्या बुडाशी टाकतोस. मी ते खायला येतो.”

“आणि देव?”

“देवाचं मला कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं, तुला माझी सोबत आवडते.”

इनास खाली बसला. इतके दिवस आपणच घास टाकत होतो, आपणच उत्तर बोलावत होतो, आणि त्यावर देवाचं नाव घालत होतो, हे त्याला कळलं. त्याला इतकी लाज वाटली की भेंडीची सावलीसुद्धा त्याला सोसवेना. तो उठला आणि उन्हातून चालत मावशीकडे गेला.

“मावशी, माझ्यामुळे झालं.”

“हो, तुझ्यामुळे झालं,” मावशी म्हणाली. “मला राग आलाय तुझा. लगेच जायचा नाही तो.”

इनास मान खाली घालून उभा राहिला. मग त्याने विचारलं, “मागची मेर उंच करायची, हे तुम्हाला देवाने सांगितलं का?”

“कानात येऊन काही सांगितलं नाही. काल सकाळी मीही तेच विचारलं, तुझा काका विचारायचा ते. प्रभू, आज मी कुठे हवी आहे? मग उठले आणि नीट पाहिलं. बांध वाचवण्याएवढी ताकद माझ्या हातांत नव्हती. तू येणार नव्हतास. मागची मेर तेवढी मला जमण्यासारखी होती. ती उंच केली तर बाकीच्यांचं वाचेल, आणि पाणी माझ्याच शेतात तुंबेल, हे मला दिसत होतं. मन म्हणत होतं, नको. पुन्हा विचारलं, तरी समोर मेरच दिसत होती. रडत रडत चिखल थापला बघ.”

तिने पदराने डोळे पुसले. “तुझा देव तुला रोज सावलीत पाठवत होता, इनास. कधी तुला शंका आली नाही?”



गावाने त्या वर्षी घरटी एक एक पायली भात मावशीच्या कणगीत ओतला. खारावलेलं शेत पुन्हा गोडं व्हायला तीन वर्षं लागली. ती तिन्ही वर्षं इनासने आपल्या शेतातला अर्धा भात स्वतः कांडून तिच्या घरी पोचवला. मावशीचा राग पहिलं वर्षभर टिकला, नंतर तो कधी गेला ते तिलाही कळलं नाही.

आणि बांधावर रोज सकाळी इनास उभा राही, क्रुसाची खूण करी, “प्रभू, आज मी कुठे हवा आहे?” म्हणे, मग वहाणा काढून हातात घेई आणि अनवाणी चालू लागे. कुठे पायाला गार लागतं, कुठे शेतावरचं माणूस हात करून बोलावतं, ते पाहत आणि ऐकत जाई. घमेलं बहुतेक वेळा त्याला नको असलेल्या जागीच खाली ठेवावं लागे. बगळ्याने काही दिवस खुंटावर वाट पाहिली आणि मग तो आपला आपण मासे धरायला शिकला.

बाळांनो आणि थोरांनो, या गोष्टीचं सार एवढंच: देवाला वाट विचारायची असेल तर उत्तर आधी आपल्या सोयीच्या खुंटाला बांधून ठेवू नये, आणि आमेन म्हटल्यावर डोळे, कान व पाय उघडे ठेवावेत.