घुमट कोणाचा?

सागाच्या जंगलात एका उतारावर करवंदीच्या जाळीत एक रानडुकरीण आपल्या पिल्लांसह राहत असे. उताराच्या पायथ्याशी गवताचे मोठे मैदान होते. थंडीचे दिवस आले की तिथे फुटबॉलचे सामने रंगत. काळवीट आणि हरणे खेळत, आजूबाजूच्या जंगलांतले संघ येत, आणि सारे जंगल उतारावरच्या गवतात बसून सामना बघे. ऊन लागले तर प्राणी झाडाखाली सरकत, एखादी सर आली तर भिजत. आपल्या संघाने गोल केला की रानडुकरीण अशी काही ओरडे की शेजारचा ससा पंजांनी कान झाकून घेई. त्या खेळावर तिच्याइतका जीव कोणाचाच नव्हता.

संघ होता कोल्ह्याचा. खरे सांगायचे तर मुलांनो, त्याने त्यासाठी कष्टही केले होते. विखुरलेली हरणे त्यानेच गोळा केली, त्यांना चांगला चारा दिला, सराव करून घेतला. सामना बघायला येणारा प्रत्येक प्राणी त्याला थोडी बोरे किंवा कंदमुळे देई. त्यात संघाचेही भागे आणि कोल्ह्याचेही पोट भरे.

एका वर्षी नदीपलीकडच्या जंगलात संघाला खेळवून कोल्हा परतला, तेव्हा त्याचे पाय जमिनीवर नव्हते. तिथले मैदान त्याने पाहिले होते. बांबूच्या उंच कमानी, त्यांवर पानांचे जाड छप्पर, छपरावर मेणाचा थर, आणि खाली अख्खे मैदान! आकाशाएवढा घुमटच जणू. तेव्हापासून त्याला आपले गवताचे मैदान बघवेना.

त्याने जंगलाची सभा बोलावली. जंगलाचा मुखिया होता एक म्हातारा गवा. अंगाने डोंगराएवढा, पण कोणाला दुखवायची वेळ आली की त्याची मान खाली जाई.

"आपल्यालाही घुमट हवा," कोल्हा म्हणाला. "अजून किती दिवस गवतात बसणार? बाहेरचे पाहुणे हसतात आपल्याला."

कोल्ह्याने सोबत एक पोपट आणला होता. तो पुढे झाला आणि एका दमात म्हणाला, "घुमट झाला की लांबून लांबून पाहुणे येतील. पाहुणे आले की फळे खातील. प्रत्येकाला काम मिळेल. जंगल श्रीमंत होईल."

"पुन्हा सांग," मागे बसलेले अस्वल म्हणाले. त्याला नीट ऐकू आले नव्हते.

पोपटाने पुन्हा सांगितले. एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही.

ऐकून सगळे हरखले. सशाला घुमटाबाहेर गाजरांचे दुकान दिसू लागले. माकडांना कमानींवर लोंबकळायचे होते. गव्याने विचारले, "पण एवढे दगड, एवढे बांबू आणायचे कुठून?"

"आणायचे कशाला? तो काय ढीग पडलाय," कोल्हा म्हणाला.

सगळ्यांनी तिकडे पाहिले. तो ढीग बंधाऱ्यासाठी होता. गेल्या पावसाळ्यात ओढ्यावरचा बंधारा फुटला होता. उन्हाळ्यात जंगलाला पाणी मिळे ते त्या बंधाऱ्याचेच. तो पुन्हा बांधायचा म्हणून प्राण्यांनी आपापल्या ताकदीप्रमाणे दगड आणि बांबू गोळा केले होते. हत्तीने सोंडेने ओंडके ओढले होते, मुंगसांनी तोंडात धरून खडे आणले होते.

"बंधारा काय, पुढच्या वर्षीही होईल," कोल्हा म्हणाला. "पण त्या ढिगाने भागायचं नाही. टेकडीवरचा सगळा बांबू लागेल. मधमाश्यांचं मेण लागेल. आणि बांधणाऱ्यांना खायला घालावं लागेल, तेव्हा प्रत्येकानं आपल्या साठ्यातला निम्मा वाटा काढून ठेवा."

तेवढ्यात रानडुकरीण उभी राहिली.

"एक विचारू? घुमट कोणाचा असणार?"

"म्हणजे काय! जंगलाचा. तुमचा सगळ्यांचा," कोल्हा हसून म्हणाला.

"मग आत बसायचं तर बोरं कोणाला द्यायची?"

"मला. संघ सांभाळायचा म्हणजे खर्च असतो ना."

"आणि फळं विकणाऱ्यांनी दुकान लावलं तर?"

"आतली दुकानं माझी असतील. बाहेर कोणी लावायला माझी हरकत नाही."

"बरं. छप्पर गळायला लागलं तर शाकारायचं कोणी?"

"जंगलानं. घुमट तुमचाच ना!"

"म्हणजे गळेल ते आमचं आणि मिळेल ते तुझं," रानडुकरीण म्हणाली.

दोन-तीन जण हसले. कोल्ह्याचे कान मात्र मागे गेले. तो म्हणाला, "ऐका. मला वाद घालायचा नाही. नदीपलीकडचे लोक मला कधीपासून बोलावताहेत. घुमट बांधणार असाल तर सांगा. नाहीतर मी संघ घेऊन तिकडे चाललो. मग बसा रिकाम्या मैदानाकडे बघत!"

सभा हादरली. संघ जाणार? गवा मान खाली घालून म्हणाला, "आपण थोडा विचार करू. पौर्णिमेला पुन्हा जमू." पण भीतीपोटी सगळ्यांनी मनातून घुमटाला होकार देऊन टाकला होता. परतताना ससा रानडुकरिणीला म्हणाला, "ताई, तुझ्या एका तोंडापायी आमचा संघ जाईल." माकडांनी झाडावरून तिच्या अंगावर टरफले फेकली. तिला राग आला नाही, पण फार एकटे वाटले. संघ तिचाही होता. तो गेला तर सगळ्यात जास्त रडणार होती तीच.

'आपलं चुकत तर नाही ना?' तिच्या मनात आले. 'पोपट म्हणतो तसंच असलं तर?' मग तिने ठरवले, की स्वतः जाऊन बघायचे.

दुसऱ्या दिवशी ती नदी पोहून पलीकडे गेली. घुमट खरोखरच भव्य होता. बघून तिचेही डोळे दिपले. पण दारापाशी एका म्हाताऱ्या साळिंदराखेरीज कोणी नव्हते.

"आज सामना नाही का?" तिने विचारले.

"सामने थंडीत. तेही अधूनमधून," साळिंदर म्हणाला. "एरवी आत वटवाघळं असतात."

"आणि लांबून येणारे पाहुणे?"

"येतात की. या दारातून आत जातात, आत खातात, या दारातून बाहेर पडतात आणि घरी जातात. माझ्या मेहुण्यानं बाहेर कंदमुळांचं दुकान टाकलं होतं. सामन्याच्या दिवशी गर्दीत कोणाला थांबायला फुरसत नाही, आणि बाकीच्या दिवशी थांबायला कोणी नाही. बंद केलं बिचाऱ्यानं."

रानडुकरिणीने वर पाहिले. छपराला मोठे भोक पडले होते आणि एक दमलेली अस्वलीण त्यावर पाने लावत होती.

"दर पावसाळ्यानंतर हेच काम," साळिंदर म्हणाला. "आमच्या जंगलात आता एवढंच, पानं लावायची, मेण आणायचं आणि पुन्हा पानं लावायची. पाणवठ्यातला गाळ कित्येक वर्षांत काढलेला नाही. वेळ कोणाला आहे? आणि आता आमच्या संघाचा मालक म्हणतो, हा घुमट जुना झाला."

"जुना?"

"हो. त्याला नवा हवाय. छप्पर उघडतं आणि मिटतं असा. ऊन असलं की उघडायचं."

"उघडं आकाश हवंय तर छप्पर कशाला बांधायचं?"

"हे मी पण विचारलं होतं," साळिंदर म्हणाला. "तो म्हणाला, बांधा, नाहीतर मी संघ घेऊन चाललो."

रानडुकरीण म्हणाली, "काका, आमच्याकडे याल? मला सांगितलंत तेवढंच सगळ्यांना सांगा." साळिंदराला पोहता येई, पण नदी रुंद होती आणि त्याचे वय झाले होते. तरी तो निघाला.

पौर्णिमेच्या सभेत साळिंदराने पाहिले ते सांगितले. पोपटाने मध्येच "लांबून लांबून पाहुणे येतील" असे सुरू केले. साळिंदराने शांतपणे विचारले, "तू आमच्या जंगलात कधी येऊन गेलास का रे?" पोपट कोल्ह्याकडे बघू लागला. याचे उत्तर त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

कोल्हा ओरडला, "मला हो किंवा नाही ऐकायचंय! नाही म्हणाल तर संघ उद्या सकाळी इथून जाईल!"

गव्याची मान खालीच होती. तेव्हा रानडुकरीण मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"हा खेळ मला तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आवडतो," ती म्हणाली. "संघ गेला तर माझी थंडी सुनी जाईल, हे मला कळतं. तरी सांगते, माझ्या पिल्लांच्या पाण्याचे दगड मी याच्या छपराला देणार नाही. आज घाबरून घुमट दिला, तर हा उद्या दुसरं काही मागेल आणि पुन्हा हीच धमकी देईल. कोल्होबा, उद्याची वाट कशाला बघतोस? नदीला आत्ता पाणी कमी आहे. आत्ताच जा!"

एवढे बोलून ती ढिगाकडे गेली, सगळ्यात मोठ्या दगडाला नाक लावले आणि तो ओढ्याकडे ढकलू लागली. दगड जेमतेम हलला. सगळे नुसते बघत होते. मग हत्ती उठला. त्याने एक ओंडका उचलला. त्याच्यामागून मुंगसे निघाली. अस्वल निघाले. "थांबा, मीही आलो," म्हणत ससाही धावला. कोल्हा मोठमोठ्याने बोलत राहिला, पण ऐकायला त्याच्यासमोर पोपटच उरला होता.

सकाळी कोल्हा खरोखरच संघ घेऊन निघाला. काळवीट जाताना रानडुकरिणीपाशी थांबला. "चारा त्याच्या हातात आहे, आम्हाला जावं लागतं," तो खालमानेने म्हणाला. "पण ताई, तुझा आवाज ऐकला की पाय आपोआप पळायचे." तो गेल्यावर ती जाळीत शिरली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

ती थंडी वाईट गेली, हे लपवण्यात अर्थ नाही. मैदानावर गवत वाढले. प्राणी उतारावर येऊन बसत आणि थोड्या वेळाने उठून जात. "घुमट दिला असता तर..." असे कोणीतरी म्हणे, आणि रानडुकरीण ऐकून घेई. पण बंधारा पूर्ण झाला. उन्हाळ्यात पलीकडच्या पाणवठ्यात चिखल उरला, तेव्हा या जंगलात पाणी भरलेले होते. पलीकडचे किती तरी प्राणी नदीचे कोरडे पात्र ओलांडून प्यायला आले. कोणी त्यांना हाकलले नाही.

पाणी होते म्हणून पिल्ले तगली, आणि पिल्ले तगली म्हणून मैदानावर पुन्हा पळापळ सुरू झाली. वेलींचा चेंडू करून सशाची, मुंगसाची, डुकराची, माकडाची पिल्ले खेळू लागली. कोणाचे पाय आखूड, कोणाला दिशा कळत नाही. पुढच्या थंडीपर्यंत त्यांचा संघ तयार झाला. त्यांचा चारा सगळ्या जंगलाने मिळून द्यायचा ठरला, म्हणून संघही सगळ्या जंगलाचाच झाला.

एके दिवशी नदीपलीकडून पोपट उडत आला. "कोल्होबांचा निरोप आहे," तो म्हणाला. "घुमट राहू द्या. नुसतं अर्ध्या मैदानावर छप्पर घाला, ते संघ घेऊन परत येतील."

सगळ्यांनी रानडुकरिणीकडे पाहिले. पण ती बोलायच्या आत म्हातारा गवा उभा राहिला. त्याने मान वर केली होती. "नाही," तो म्हणाला. "त्याला सांग, खेळायला यायचं असेल तर मैदान उघडं आहे. मागायला यायचं असेल तर येऊ नकोस म्हणावं."

कोल्हा आला, तो खेळायलाच आला. सामना पाहायला उतारावर तीळभर जागा उरली नव्हती. हरणांच्या संघाने पिल्लांच्या संघाला अगदी सहज हरवले. सामना संपल्यावर कोल्हा रानडुकरिणीसमोर येऊन म्हणाला, "बघितलंस? हरलात!"

"हो, हरलो," रानडुकरीण म्हणाली. "आणखीही पुष्कळदा हरू. पण ही पोरं आमची आहेत. यांना घेऊन जायची धमकी आम्हाला कोणी देऊ शकत नाही."

तात्पर्य : ज्या थाटाचा खर्च सगळ्यांनी करायचा आणि नफा एकानेच घ्यायचा, त्याला बेधडक नाही म्हणावे; आणि 'निघून जाईन' अशी धमकी देणाऱ्याला अडवू नये, वाट मोकळी करून द्यावी.