शिंपिणीची आरास

झाडं अजून पाखरांशी मनातलं बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट. पानगळीत एक म्हातारा पळस पार उघडा पडला. “माझ्याकडे बघू नका रे कोणी,” म्हणून तो वाऱ्यालाही लाजू लागला. त्याच्याच फांदीवर लहानाची मोठी झालेली शिंपीण, म्हणजे पानं शिवून घरटं करणारी इवलीशी पक्षीण, तिला ते बघवेना. तिने सुगरणीला हाक मारली. “चल गं, आजोबांना सजवू.”

आठ दिवस दोघी खपल्या. सुगरणीने गवताच्या काड्यांची क्रोशासारखी जाळी विणली. शिंपिणीने गळलेली पिवळी-तांबूस पानं तिच्यावर शिवली आणि कोळ्याच्या धाग्याने जाळी फांद्यांना घट्ट टाचली. सगळं रान बघायला लोटलं.

फाल्गुन आला. माळावरचे सगळे पळस पेटले, हा मात्र तसाच. शिंपिणीने एक पान उचलून पाहिलं, तर तिच्याच टाक्याखाली एक मखमली कळी मुरगळून पडली होती.

“आजोबा, का नाही बोललात तुम्ही?”

“एवढ्या मायेनं शिवलंस, पोरी. टोचतंय म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?”

शिंपीण टाके उसवायला बसली.

“अगं, आठ दिवसांची मेहनत!” सुगरण हळहळली. पण शिंपिणीची चोच थांबली नाही.

चार दिवसांत पळस शेंड्यापर्यंत केशरी झाला. जाता-जाता एक साळुंकी थबकली. “काय सुरेख आरास! कुणी गं केली?”

“त्यांची त्यांनीच,” शिंपीण म्हणाली. “मी आडवी आले होते, तेवढी बाजूला झाले.”