भावाचा वळ

चिंचघळीच्या चाबूकवाल्यांच्या डाव्या पोटरीवर वळ असतात. काही जुने, काळे पडलेले, काही कालपरवाचे. बाहेरगावचे लोक चाबूक घ्यायला येतात, कोरलेल्या मुठी हातात फिरवून बघतात, मोर, वेली, पितळी कडी यांचे कौतुक करतात आणि मग त्यांची नजर त्या पोटऱ्यांवर जाते. त्यांना वाटते, हा कुठला तरी नवस असेल. नवस नाही. नवा चाबूक विकण्याआधी ज्याने कातड्याची वादी विणली त्याच्या पोटरीवर एक फटका मारायचा, अशी इथली रीत आहे. फटका मारतो त्याचा सख्खा भाऊ. ही रीत सटवापासून सुरू झाली, असे जुने लोक सांगतात.

सटवा आणि त्याचा थोरला भाऊ भिका असे दोघेच होते. आईबाप पटकीत गेले, तेव्हा सटवाला नीट चालताही येत नव्हते. भिकाने त्याला पाठीशी बांधून काम केले. पुढे दोघांनी काम वाटून घेतले. भिका बाभळीच्या लाकडाच्या मुठी कोरायचा आणि सटवा म्हशीच्या कातड्याच्या पट्ट्या काढून आठ पदरी वादी विणायचा. विणलेली वादी चौदा दिवस करंजाच्या तेलात मुरायची. हा नियम भिकाचा. सटवाला तो नकोसा व्हायचा. "दादा, बाजार आपल्यासाठी थांबणार आहे का?" असे तो म्हणायचा. भिका म्हणायचा, "बाजार नाही थांबत, तर तू थांब."

त्या साली गडाचा ढासळलेला तट पुन्हा बांधायला घेतला होता. आसपासच्या गावांतून वेठीला माणसे धरून नेली होती. एक दिवस गडाचा नाईक दोन घोडेस्वार घेऊन भावांच्या दारात आला. त्याला चाबूक हवा होता, बाजाराच्या दिवसापर्यंत. बाजार पाच दिवसांवर होता.

"बैलासाठी का?" भिकाने विचारले.

"बैल काय तट बांधतात?"

"मग नाही जमणार. आमचा चाबूक जनावराला वाट दाखवायला असतो."

नाईक हसला. "म्हशीचं कातडं काय, माणसाचं काय, फरक तो काय?"

"फरक नसेल तर तुमचंच द्या काढून, नाईक. सटवा झकास वेणी घालेल."

घोडेस्वारांपैकी एक जण हसला आणि तेच वाईट झाले. नाईक तडक निघून गेला. भिका पुन्हा पटाशी घेऊन बसला. नाईकाचे तोंड कसे झाले होते ते सटवाने मात्र पाहिले होते. हा माणूस आता दादाला सोडत नाही, एवढेच त्याच्या डोक्यात घोळत राहिले.

दुसऱ्या दिवशी भिका बाभळी तोडायला लांबच्या रानात गेला. तो तीन दिवसांनी येणार होता. सटवाने मागचापुढचा विचार केला नाही. घरात एक मूठ तयार होती, देवीच्या जत्रेतल्या गाड्यासाठी भिका दोन महिने कोरत होता ती, पिसारा मिटलेल्या मोराची. सटवाने ती घेतली. दोन दिवसांत वादी विणली, तिला वरवर तेल चोळले, मुठीला बांधली आणि तिसऱ्या दिवशी चाबूक गडावर नेऊन दिला.

"दादानंच पाठवलाय," तो म्हणाला. "त्या दिवशी तोंडातून गेलं, म्हणाला. राग धरू नका."

नाईकाने चाबूक हवेत ओढला. मोठा आवाज झाला. सटवा हलका होऊन उड्या मारत गड उतरला, म्हणे. त्याला वाटले, भाऊ वाचला.

भिका रानातून आला तेव्हा मूठ जागेवर नव्हती. सटवाने सगळे सांगून टाकले. भिका रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, "तेल किती दिवस?"

"एकच."

भिकाने डोक्यावरची मोळी टाकली आणि तो तसाच गडाकडे निघाला. न मुरलेली वादी वाळली की तिच्या कडा पात्यासारख्या होतात, हे दोघांनाही ठाऊक होते. ती जनावराच्या जाड कातड्यालाही चिरते.

सटवा मागून धावत वर पोचला तेव्हा भिका नाईकासमोर उभा होता. "चाबूक कच्चा आहे," तो सांगत होता. "माणसं मरतील. मला परत द्या, चौदा दिवसांनी मीच आणून देतो."

"काल माफी मागतोस, आज परत मागतोस," नाईक म्हणाला. "कच्चा की पक्का, बघूच की."

भिकाला एकवीस फटके मारले. दोघांनी सटवाला धरून ठेवले होते.

भावाला पाठीवर घेऊन सटवा गड उतरला. अर्ध्या उतारावर भिका त्याच्या कानाशी बोलला. "वीण घट्ट बसलीय रे. इतकी चांगली तुला कधी जमली नव्हती." मग म्हणाला, "तेल तेवढं कमी पडलं." त्यानंतर तो बोलला नाही. सटवा मात्र घर येईपर्यंत त्याच्याशी बोलत होता.

म्हणतात की त्या दिवसानंतर त्या चाबकाचा आवाजच निघेना. नाईकाने कितीही जोराने ओढला तरी तो मुका. अवलक्षण म्हणून त्याने तो तटावरून खाली फेकला. सटवाने दरीत उतरून तो शोधला, धुतला आणि करंजाच्या तेलात ठेवला. चौदा दिवस तो त्या भांड्यापाशी बसून होता.

पंधराव्या दिवशी चाबूक घेऊन तो गावात दारोदार फिरला. "मला मारा," म्हणायचा. "एकवीस नको, एकच मारा." कुणी हात लावला नाही. मग त्याने पाय पुढे करून स्वतःच्याच पोटरीवर सगळा जोर लावून फटका मारला.

कातडे फाटले नाही. रक्ताचा थेंबही आला नाही. नुसता एक तांबडा वळ उठला. त्या वळाकडे बघून सटवा पहिल्यांदा मोठ्याने रडला, असे सांगतात. चौदा दिवस तेलात मुरलेल्या चाबकाने भाऊ मेला नसता, हे त्याला तेव्हा कळले.

पुढे त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुठींना वाद्या विणल्या. प्रत्येक वादीचा पहिला फटका स्वतः खाल्ला.

आजही चिंचघळीत फटका मारायचा मान भावाचा आहे. भावाभावांत अबोला असला तरी त्या कामापुरते ते समोर येतात. आणि ज्याचा भाऊ गेला आहे, त्याला दुसरे कुणी मारत नाही. त्याला स्वतःच मारून घ्यावे लागते. तेव्हा त्याच्याकडे कुणी बघायचे नसते. हातातली कामे खाली ठेवून आजूबाजूचे सगळे पाठ फिरवून उभे राहतात आणि तो स्वतःहून बोलेपर्यंत तसेच उभे असतात.