लिंबाजीच्या नावापुढचा रकाना

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत, मावशी?" डॉक्टरांनी मला विचारलं.

सांगितलं होतं. बाबांच्या पायाला कुजका वास येतोय, असं पुजाऱ्याला सांगितलं, विश्वस्तांना सांगितलं, तुमच्या नर्सबाईलासुद्धा सांगितलं. कुणाला खरं वाटलं नाही. चौथी शिकलेली, मठाची फरशी धुणारी बाई. तिला पायातलं काय कळतं?

कळतं. आमच्या मालकांचा पाय याच वासानं गेला. नाव लिहिण्यापुरतं घेते, लिंबाजी. वीटभट्टीवर होते. आता मठाच्या दारात बसून भक्तांची पायताणं सांभाळतात.

मठाचे निश्चलबाबा माझ्या माहेरच्या गावचे. तिथं त्यांना सगळे धोंडिबा ताटे म्हणायचे. भगवी वस्त्रं घेतल्यापासून ते नाव कुणी घेत नाही. मीही नाही.

बाबा चैत्रातल्या तापल्या फरशीवर अनवाणी उभे राहायचे. एकदा धुनीतला निखारा पायावर पडला, तरी हलले नाहीत. लोकांनी जयजयकार केला. देह जिंकला म्हणाले. तेव्हापासून दर गुरुवारी पाद्यपूजा, पायांना चंदनाचा जाड लेप. पाय पुसलेलं फडकं मात्र मी धुवायची. अलीकडं त्याला पू लागलेला असायचा.

डॉक्टर सरदेशमुख बाबांचे लाडके शिष्य. दोन वर्षं त्यांचं बारा गावांत साखरेच्या आजारावर संशोधन चाललंय. कुणाला होतो, कुणाचे डोळे जातात, कुणाचे पाय, कुणाला औषध मिळतं आणि कुणाला नाही. हजार बोटं टोचली म्हणून सांगतात. बाबांचं बोट टोचायची छाती झाली नाही. दर गुरुवारी यायचे आणि डोळे मिटून त्या पायांवर डोकं टेकायचे.

काल मी धीर करून बाबांनाच सांगितलं. ते फडक्याकडं बघत राहिले...

आज पाद्यपूजेला बसल्यावर म्हणाले, "चंदन नको."

डॉक्टर वाकले, वास आला, डोळे उघडले. तळव्याला सुपारीएवढं भोक.

मग धावपळ. फोन झाले, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात खाट मिळाली, अर्ध्या तासात गाडी दारात. बरं झालं. आमच्या मालकांना तालुक्याच्या दवाखान्यात सांगितलं होतं, सोमवारी या. सोमवारी गेलो तर पुढच्या सोमवारी. असे तीन सोमवार.

"चला बाबा, वेळ जातोय," डॉक्टर म्हणाले.

"लिंबाजीला आत बोलव. आणि तुझं रजिस्टर आण."

मालक कुबडी टेकत आले. बाबांनी सरकून त्यांना आपल्याच आसनावर बसवलं.

"याच्या नावापुढं काय लिहिलंस? वाच."

डॉक्टरांनी पान काढलं. लिंबाजी, वय सेहेचाळीस, उजवा पाय गुडघ्याखाली कापला. उशीर कशामुळे... रुग्णाची हयगय.

मालकांनी मान खाली घातली. माझ्या अंगाची आग झाली. दोन वर्षं हा शब्द आमच्या नावापुढं होता, आणि आम्ही या माणसाला घरी बसवून, चहा पाजून तीन सोमवारांची गोष्ट सांगत होतो.

"आणि माझ्यापुढं काय लिहिशील?" बाबांनी विचारलं.

"तुमची गोष्ट वेगळी आहे, बाबा."

"वेगळं काय? गाडी?"

डॉक्टरांनी पेन काढलं. हयगय खोडली. माझ्याकडं न बघता तीन सोमवार तिथं लिहिले.

"झालं ना?"

"नाही," बाबा म्हणाले. "लिंबाजी, दवाखान्याच्या आधी कुठं गेला होतास?"

मालक चाचरले. "इथंच आलो होतो, बाबा. म्हटलं, भट्टीचा चटका मलाही लागेना झालाय. तुम्ही डोक्यावर हात ठेवलात."

ठेवला होता. मी तिथंच उभी होते. लोक म्हणाले, लिंबाजीवर कृपा झाली. त्या कृपेवर मालक अजून दोन महिने भट्टीवर चालले.

"माझ्या बापाचा पाय असाच गेला," बाबा म्हणाले. "आधी चटका कळेना, मग काटा कळेना. मला सुरू झालं तेव्हा मी ओळखलं होतं. लोक सिद्धी म्हणाले. मी नाही म्हटलं नाही."

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

डॉक्टरांनी पेन पुन्हा पानावर टेकवलं. "मग या रकान्यात काय लिहू, बाबा? मठ लिहू? अंधश्रद्धा लिहू?"

"माणसाचं नाव लिही."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मला ठाऊक होतं, कुठलं नाव. इतके दिवस तोंड सोडून भांडले मी, पण तेवढं माझ्या जिभेवर येईना. मी मान फिरवली.

"लिही," ते म्हणाले. "धोंडिबा रावजी ताटे."