आईचा अगस्ती

डोंगराच्या पायथ्याशी एका जंगलात एक उथळ तळे होते आणि त्या तळ्यात आठवणींत रमणारे एक कासव राहत असे. तळे दर उन्हाळ्यात आटून जाई. त्याआधी तिथून निघून नदीचा डोह गाठावा लागे आणि पाऊस सुरू झाला की परत यावे लागे. डोहाची वाट दोन दिवसांची, वाटेत पाण्याचा टिपूस नाही. कासव लहान होते तेव्हा निघायचे केव्हा, हे त्याची आई अगस्तीच्या ताऱ्यावरून ठरवी. वैशाखात रोज तिन्हीसांजेला ती पिल्लाला घेऊन उत्तरेच्या काठावरच्या काळ्या कातळावर बसे. "समोर दक्षिणेच्या डोंगरातली ती खिंड बघ," ती सांगे. "अंधार पडल्या पडल्या अगस्ती त्या खिंडीत टेकलेला दिसला, की दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचे. तो दिसेनासा झाला, तर समज उशीर झाला." कातळ दिवसभराच्या उन्हाने छान उबदार झालेला असे. पिल्लू आईला बिलगून बसे आणि हुं हुं करी. किती सुखाच्या होत्या त्या संध्याकाळी!

बालमित्रांनो, पुढे आई गेली. कासव आता चांगले मोठे झाले होते, पण तिच्यावाचून त्या कातळावर जायला त्याचे मन काही धजेना. 'तारा काय, कुठूनही दिसेल!' असे म्हणून ते पलीकडच्या काठावर जांभळीखाली बसू लागले. तिथून खिंड झाडीआड जाई. मात्र पश्चिमेला उंचावर एक टपोरा तारा लखलखत होता. तो पाहून कासवाचा ऊर भरून आला. "हाच तो आईचा तारा!" ते म्हणाले. मग रोज संध्याकाळी त्या ताऱ्याशी त्याच्या गप्पा रंगू लागल्या. इकडे तळ्याचे डबके झाले आणि डबक्याचा चिखल झाला, तरी स्वारी आपली जांभळीखालीच!

एके संध्याकाळी तिथून जाणारी टिटवी थबकली. "कासवदादा, अजून इथेच? अहो, चिखलाला भेगा पडायला लागल्या!"

"घाई कशाला, टिटवीताई? आमचा अगस्ती अजून चांगला वर आहे. तो टेकल्याशिवाय आम्ही पाऊल उचलत नाही. आईपासूनची रीत आहे आमची."

टिटवीने वर पाहिले. कपाळावर मारून घ्यायला तिला हात नव्हता म्हणून, नाहीतर तिने तो मारलाच असता. "अहो, हा व्याध! अगस्ती दक्षिणेला असतो, तोही अगदी खाली. त्याला दिसेनासे होऊन आठवडा झाला. आता तो पावसाळा सरता सरता, भाद्रपदातल्या पहाटे आग्नेयेला दिसेल. एवढी वर्षे आईबरोबर बसत होता ना? मग बघत काय होता?"

कासवाने मान आत ओढून घेतली. "आईकडे," ते हळूच म्हणाले.

कासव त्याच पावली निघाले. अंगात त्राण नव्हते, म्हणून दोन दिवसांच्या वाटेला चार दिवस लागले. टिटवी पुढे उडून सावलीची जागा शोधी आणि "इकडे, इकडे!" म्हणून ओरडे. डोहाच्या पाण्यात शिरताना कासवाचे डोळे मिटायला आले होते. जीव वाचला, एवढेच.

पुढच्या वैशाखात ते एकटेच कातळावर जाऊन बसले. आधी त्याला खूप रडू आले. मग त्याने डोळे पुसले, मान लांब केली आणि खिंडीकडे तोंड केले. डोंगराला अगदी टेकून एक तारा मंद थरथरत होता. आयुष्यात पहिल्यांदाच कासवाने तो नीट पाहिला.

"आई गं," ते म्हणाले, "एवढासा होता होय हा!" आणि पहाट होताच ते डोहाच्या वाटेला लागले.

तात्पर्य : वडीलधाऱ्यांची नुसती आठवण काढून वाट सापडत नाही, त्यांनी दाखवलेल्या जागी, त्यांनी सांगितलेल्या वेळी, आपल्या डोळ्यांनी पाहावे लागते.